इस्त्रीने चिकटवायची अ‍ॅप्लिक गोधडी पहिल्यांदाच करतेय – फ्यूजिंग कुठलं घ्यायचं आणि साध्या मशीनवर जमेल का?

जास्वंद_नाशिक

नमस्कार मंडळी,

बहिणीला सातवा महिना लागलाय आणि बाळासाठी एक छोटी गोधडी करायचं मनावर घेतलंय. साइज साधारण ३६ बाय ४५ इंच. परकर, अभ्रे, ब्लाऊजचं अल्टरेशन हे सगळं मला येतं, चौकोन जोडून केलेली एक साधी गोधडीपण घरात आहे, पण कापडावर कापड लावून चित्रं करणं, म्हणजे अ‍ॅप्लिक, हे कधीच केलेलं नाही. डोक्यात असं आहे की क्रीम कॉटनचे चौकोन घ्यायचे आणि प्रत्येकात एकेक चित्र, हत्ती, कोंबडा, आंबा, मासा, चंद्र असं, आणि बारसं झालं की खालच्या पट्टीवर बाळाचं नाव.

व्हिडिओंमधे बहुतेक जणी इस्त्रीने चिकटवायची पद्धत दाखवतात, कागदावर चित्र काढलं, कापडामागे इस्त्री केली, कापलं, कागद सोलला, परत इस्त्री. मला हे फार आवडलं कारण कडा दुमडायची भानगड नाही आणि कोंबड्याचा तुरा वगैरे बारीक आकार नीट येतात.

आता अडलंय कुठे ते सांगते. इथे शिलाईच्या सामानाच्या दुकानात "फ्यूजिंग द्या" म्हटलं तर पांढरं पातळ न विणलेलं कापड मिळालं, एका बाजूला हाताला खरखरीत लागणारे चमकते ठिपके, दुसरी बाजू गुळगुळीत. ते हत्तीच्या मागे मस्त चिकटतं पण मग हत्ती चौकोनावर चिकटतच नाही, कारण मागे गोंदच उरत नाही. आणि व्हिडिओत दिसतो तो कागदही त्याला नाही. मग हे वेगळं काहीतरी असतं का? आपल्याकडे काय नावाने मागायचं?

दुसरं म्हणजे माझ्याकडे आईची काळी उषा आहे, पायाची, फक्त सरळ टीप मारते. सगळ्या जणी कडेला झिगझॅग मारताना दिसतात. नवीन मशीन आत्ता घ्यायचं नाहीये. सरळ टीपेवर भागेल का?

आणि तिसरं, बाळाची वस्तू म्हटल्यावर गोंदाने कडक होणार नाही ना, आणि सारखी धुतली तर चित्रं सुटणार नाहीत ना? अनुभवी लोकांनी प्लीज सविस्तर सांगा, मला घाई नाही, नीट शिकूनच करायचंय.

चिंधी_पुणे

जास्वंद, किती छान विचार आहे! सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

तुला दुकानात जे मिळालं ते कॉलर-कफमधे घालतात ते एका बाजूचं फ्यूजिंग. ते कापडाला जाडी देण्यासाठी असतं, त्यामुळे गोंद एकाच बाजूला. अ‍ॅप्लिकला जे लागतं त्यात कापड नसतंच, नुसत्या गोंदाचा पातळ थर किंवा जाळी असते आणि ती एका कागदावर बसवलेली असते. म्हणून इस्त्री केल्यावर गोंद आधी तुझ्या हत्तीच्या पाठीवर उतरतो, कागद काढला की तोच गोंद दुसर्‍या बाजूने चौकोनाला धरतो. दुकानात "दोन्ही बाजूंनी चिकटणारं, कागदवालं फ्यूजिंग" असं स्पष्ट मागायचं, काही जण त्याला वेब म्हणतात. तुळशीबागेत नि रविवार पेठेत विचारताना मी नेहमी हातात धरून एक कोपरा खरवडून बघते, कागद आणि गोंद वेगवेगळे होताना दिसले पाहिजेत. नाहीच मिळालं तर ऑनलाइन हीट अँड बॉन्ड लाइट मिळतं. "लाइट" हा शब्द बघूनच घे. त्याच कंपनीचं अल्ट्राहोल्ड येतं ते न शिवता नुसतं चिकटवून सोडायच्या वस्तूंसाठी आहे, त्यात गोंद इतका दाट असतो की सुईला चिकटतो, दोरा तुटतो, टाके सुटतात. शिवायचं असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही.

आता मूळ मुद्दा, जो व्हिडिओत दोन सेकंदात उरकतात. गोंदाचं काम टाचणीचं आहे. शिलाई होईपर्यंत तुकडा जागेवर सपाट धरून ठेवणं आणि कापलेल्या कडेचे धागे निघू न देणं, एवढंच. धुण्यात टिकतं ते शिलाईमुळे. हे एकदा पटलं ना की मग तुझे कडकपणाचे आणि सुटण्याचे दोन्ही प्रश्न मिटतात, कारण मग तू कमीत कमी गोंदाचं घेतेस आणि कडा न शिवता एकही तुकडा सोडत नाहीस.

क्रम असा. सगळी कापडं आधी धुऊन घे, चौकोनांचं क्रीमपण. नव्या कापडाला खळ असते, तिच्यावर गोंद नीट धरत नाही, आणि कॉटन आटतं ते आधीच आटून जाऊदे. धुताना कम्फर्टसारखं काही घालू नकोस, त्यानेही गोंद धरत नाही. लाल, गडद निळं, कलमकारी हे वेगळं धू आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धू, नाहीतर क्रीम चौकोनावर गुलाबी डाग पडलेच म्हणून समज. कापड घट्ट विणीचं घे, पॉपलीन, केंब्रिक. मलमल आणि सैल खादी पहिल्या वेळी टाळ, त्यातून गोंद वर झिरपतो आणि इस्त्रीला लागतो.

मग चित्र कागदाच्या बाजूला काढायचं, आणि उलटं काढायचं. कागदावर हत्तीची सोंड डावीकडे असेल तर गोधडीवर ती उजवीकडे जाणार. हत्तीला चालतं, नावाला चालत नाही. उलटं करायला वेगळी मेहनत नको, मूळ चित्र स्केचपेनने ठळक कर, दिवसा खिडकीच्या काचेवर पालथं चिकटव, मागून रेषा दिसतात, त्यावर फ्यूजिंग ठेवून गिरव.

रेषेवर कापायचं नाही अजून! रेषेच्या बाहेर दोन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) सोडून ढोबळ काप. कापडाच्या उलट्या बाजूवर ठेव, कागद वर, मध्यम गरम इस्त्री, वाफ बंद. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. लाइटला पहिल्या वेळी दोनच सेकंद पुरतात. पूर्ण गार होऊदे. आता रेषेवर धारदार कात्रीने काप, कापड आणि कागद एकदम. हे "आधी गोंद, मग कापणं" फार महत्त्वाचं आहे, कारण गोंद अगदी कडेपर्यंत येतो आणि धागे सुटत नाहीत. कागद निघत नसेल तर नखाने कड कुरतडत बसू नकोस, तिथलेच धागे निघतात. मधोमध टाचणीने कागदावर एक चरा ओढ, तिथून वाकवला की कागद फाटतो नि आतून बाहेर सोलत येतो.

चौकोनावर मांड, मनासारखं झालं की परत इस्त्री, सहा ते आठ सेकंद, ठेव-उचल. जास्त वेळ ठेवलं तर जास्त चिकटतं असं नाही हं, गोंद वितळून कापडात शोषला जातो आणि पकडच जाते. प्रत्येक कंपनीचं सेकंदांचं गणित वेगळं असतं, पाकिटावरचा कागद टाकून देऊ नकोस. आणि पहिलं चित्र करायच्या आधी त्याच कापडाच्या कपट्यावर सगळं एकदा करून बघ, कापणं, चिकटवणं, शिवणं, धुणं. घरोघरी इस्त्र्या वेगळ्या, तुझ्या इस्त्रीचं "मध्यम" काय आहे ते तुलाच कळणार.

मशीनचं संध्याकाळी लिहिते.

रानजाई_न्यूजर्सी

चिंधीताईने सगळं नीट सांगितलंय, मी फक्त इकडची भर घालते कारण जास्वंद, तुझ्याकडे कोणी अमेरिकेतून येणार असेल तर काय मागवायचं हा प्रश्न येईलच.

इथे वंडर अंडर म्हणून पेलॉनचं मिळतं ते हीट अँड बॉन्डपेक्षा मऊ राहतं असं माझं मत आहे, पण त्याला दुसर्‍या वेळी ओलसर कापड वर ठेवून दहा ते पंधरा सेकंद इस्त्री लागते, म्हणजे एकात वाफ चालत नाही आणि दुसर्‍यात ओल लागते, म्हणून एकाची पद्धत दुसर्‍याला लावू नये. स्टीम-अ-सीम टू हे हाताने दाबलं तरी तात्पुरतं चिकटतं, काढून परत लावता येतं, नवशिक्याला मांडणी बदलत बसायला बरं. मिस्टीफ्यूज अगदी तलम आहे पण त्याला कागदच नसतो, त्यामुळे चित्र काढायला दुसरी सोय करावी लागते, पहिल्या प्रोजेक्टला नको. युरोपातून कोणी येणार असेल तर तिकडे बाँडावेब म्हणून मागायचं, तेही कागदवालंच. आणताना घडी घालायला सांगू नकोस, गुंडाळी करून आणायची. घडीवर गोंद कागदापासून सुटतो.

एक गोष्ट सगळ्यांनाच सांगते, इस्त्रीखाली ठेवायला बेकिंगचा कागद घ्या पण तो सिलिकॉनवाला असल्याची खात्री करा. भारतात बटर पेपर नावाने जे मिळतं त्यातला प्रत्येक कागद तसा नसतो, साध्या बटर पेपरला गोंद चिकटून बसतो. कोपरा कापून त्यावर गोंदाचा कपटा ठेवून बघायचं, गार झाल्यावर सहज सुटला तर तो कागद बरोबर. हा कागद असला की आणखी एक फायदा, हत्तीचा कान, डोळा, झूल हे सगळं आधी त्या कागदावरच एकमेकांना चिकटवून अख्खा हत्ती तयार करता येतो, गार झाला की सोलून उचलायचा आणि एकदम चौकोनावर ठेवायचा. चित्र तिरकं बसत नाही. एकावर एक तुकडे येतात तिथे खालच्या तुकड्याला दोन सूत जास्त ठेवायचं, म्हणजे तो वरच्याच्या खाली सरकतो आणि मधे फट दिसत नाही. फिक्या रंगाखाली गडद रंग आला तर तो वरून दिसतो, तिथे फिक्याच्या मागे आधी पांढर्‍या कॉटनचं अस्तर चिकटवून घ्यायचं.

आणि बाळाचं म्हणून सांगते, राग मानू नकोस. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे की पहिलं वर्षभर बाळ झोपताना जवळ सुटं पांघरूण, उशी काही ठेवू नये. त्यामुळे ही गोधडी सुरुवातीला खाली अंथरून बाळाला पालथं खेळवायला वापरा म्हणून बहिणीला सांग. चित्रं बघायला बाळाला तीच जागा उत्तम. डोळ्यांना मणी, बटणं अजिबात लावू नकोस, दोर्‍याने भर.

कृष्णाकाठ

मी सातार्‍याकडची. माझं मत जरा वेगळं आहे म्हणून लिहितेय.

बाळाच्या गोधडीला गोंद कशाला पाहिजे? आमच्याकडे जुनी सुती लुगडी, धोतरं आत घालून गोधडी शिवतात, हातानेच, कडेकडेने धावदोरा घालत आत आत यायचं. ती धुवून धुवून मऊ होत जाते हेच तिचं सुख आहे. त्यात चित्राच्या जागी गोंद आला की तेवढाच भाग ताठ राहतो, आणि हाताने शिवणारीला सगळ्यात जास्त त्रास म्हणजे सुई त्यातून जात नाही. बोट दुखतं, दोरा खरखरतो, टाका लांब पडतो. आता मशीनवर शिवणार असाल तर तुमचं तुम्ही बघा, पण हाताने गोधडी भरणार असाल तर हा विचार आधी करा.

आकार हाताने दुमडून लावायचा, त्यात काही अवघड नाही. कापडावर रेष काढायची, रेषेबाहेर दीड-दोन सूत ठेवून कापायचं, गोलाईला बारीक चिरा द्यायच्या, सुईच्या टोकानेच कड आत सारत सारत बारीक तुरपाई करत जायचं. ओरिसात पुरीजवळ पिपलीला चांदवे, छत्र्या करतात, जगन्नाथाच्या रथावरपण त्यांचं काम असतं, ते अ‍ॅप्लिक काही इस्त्री आणि गोंदातून जन्माला आलेलं नाही. गुजरातेतलं कटाव तसंच. हळू होतं, पण होतं ते पिढ्या टिकतं.

चिंधी_पुणे

कृष्णाकाठताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, विशेषतः सुईचं. हाताने धावदोरा घालायचा असेल तर अख्ख्या चित्रामागे गोंद ठेवूच नये. पण त्याला एक उपाय आहे, तो हिला सांगायलाच पाहिजे.

चित्र कागदावर काढलं की कापडाला लावायच्या आधी रेषेच्या आत दोन सूत अंतर ठेवून मधला सगळा भाग कापून काढून टाकायचा. उरते ती रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या इंचाची नुसती चौकट. तीच कापडाला इस्त्री करायची, मग रेषेवर कापायचं. आता गोंद फक्त कडेला दोन सूत रुंदीचा, मधला हत्ती पूर्ण मोकळा, मऊ, सुई आरामात जाते. आतून निघालेला गोंदाचा तुकडा वाया जात नाही, त्यावर आंबा, मासा बसतात. कोंबड्याचे पाय, तुरा, शेपटीची पिसं असे एक इंचाहून अरुंद भाग असतील तिथे मात्र मधे काढण्यासारखं काही उरत नाही, ते तसेच ठेवायचे. मी मोठ्या प्रत्येक आकाराला असंच करते, मशीनवर शिवायचं असलं तरी.

आणि जास्वंद, तुझं ते एका बाजूचं फ्यूजिंग टाकून देऊ नकोस गं! पातळ असेल तर त्याचा फार सुंदर उपयोग होतो. आंब्याचं कापड सुलट बाजू वर ठेव, त्यावर फ्यूजिंग खरखरीत बाजू खाली करून ठेव, गुळगुळीत बाजूवर आंबा काढ आणि रेषेवर बारीक टीप मार, सगळीकडून, कुठे उघडं ठेवायचं नाही. एक सूत सोडून काप, गोलाईला चिरा दे. मग फक्त फ्यूजिंगच्या मधोमध एक छोटा काप देऊन त्यातून आंबा उलटव. कडा आपोआप आत गेल्या आणि गोंदाचे ठिपके आले मागच्या बाजूला, बाहेर! नखाने कडा बसवून घे, या टप्प्यावर इस्त्री लावायची नाही, नाहीतर आंबा इस्त्रीच्या टेबलालाच चिकटेल. चौकोनावर ठेवून मग इस्त्री, आणि कडेने हाताने तुरपाई किंवा अगदी कडेला टीप. चित्र उलटं काढायचीही गरज नाही यात. चंद्र, आंबा, माशाचं अंग हे यात छान होतात, तुर्‍याचा कोंबडा होणार नाही.

आता काळी उषा. अगं, सरळ टीपेवर सगळं होतं, उलट त्या जुन्या मशीनची टीप जितकी नेटकी पडते तितकी नव्या मशीनची पडत नाही. कडेपासून एक सूत आत टीप मारायची, इंचाला बारा-तेरा टाके येतील इतकी बारीक. अकरा नंबरची नवी सुई घाल, बोथट सुई गोंदातून जाताना टाके सोडते. गोलाईवर हाताने कापड ओढून वळवायचं नाही. दोन-तीन टाके, सुई खाली कापडात, पाऊल उचल, किंचित फिरव, पाऊल टाक, परत दोन-तीन टाके. पायाच्या मशीनचं वरदान हेच की चाकावर हात ठेवून एकेक टाका मोजून घेता येतो, मोटरच्या मशीनवर नवशिक्याला हे जमत नाही पटकन. टोकाला, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या ठिकाणी, शेवटचा टाका बरोबर टोकाशी पडेल असा चाक फिरवून आण. सुरुवातीला नि शेवटी मागे-पुढे टीप मारून गाठ करू नकोस, ती दिसते, दोरे लांब ठेव आणि सुईने मागे ओढून गाठ मार.

अशा टीपेबाहेर जी एक सूत कड राहते ती धुतल्यावर किंचित पिंजारते. बर्‍याच जणींना ते आवडतं, मलाही आवडतं, हत्तीच्या कडेला थोडा मऊपणा येतो. तुला अजिबात नको असेल तर कडेला हाताने ब्लँकेट टाका घाल. अँकरच्या लडीतले दोनच पदर, टाका साधारण एक सूत खोल आणि तेवढंच अंतर, आणि सुई दरवेळी कापलेल्या कडेला अगदी खेटून चौकोनाच्या कापडात शिरली पाहिजे, कडेपासून लांब शिरली की टाका सैल दिसतो. टोकावर एक टाका जास्तीचा, नाहीतर टोक उचललं जातं. चौकट पद्धतीने गोंद काढला असेल तरी कडेला दोन सूत गोंद असतोच, त्यामुळे हाताला थोडं जड जाईल, बारीक नाकाची अणकुचीदार सुई घे.

जास्वंद_नाशिक

बापरे, काय काय सांगितलंत तुम्ही सगळ्यांनी! मधला गोंद कापून काढायचं तर मी कुठेच बघितलं नव्हतं. आंबा आणि चंद्र घरात आहे त्याच फ्यूजिंगने करते आणि हत्ती-कोंबड्यासाठी कागदवालं लाइट मागवते.

अजून दोन शंका. आत मी पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे मधला फुगीर थर, घालायचं म्हणत होते, तर चित्रं आधी चिकटवायची की तिन्ही थर जोडून मग? आणि बाळाचं नाव बारशालाच कळणार, तोवर तर गोधडी पूर्ण झालेली असेल, मग नाव कसं लावू? मराठीत लिहायचंय.

रानजाई_न्यूजर्सी

चित्रं आधी, अगदी पहिली. एकेक सुटा चौकोन हातात असताना चिकटव, शिव, मागून इस्त्री कर, मग चौकोन जोड, मग थर. पॉलिस्टर वॅडिंग इस्त्रीखाली दबून चपटं होतं, तापलं तर वितळतंही. शिवाय सुटा चौकोन मशीनखाली फिरवणं आणि अख्खी गोधडी फिरवणं यात फार फरक आहे. चौकोन कापताना अर्धा-पाऊण इंच मोठाच काप, चित्र शिवून झालं की मग चारी बाजूंनी मापात आण, कारण शिवताना तो थोडा आवळला जातो.

नावासाठी खालच्या पट्टीच्या मापाची एक वेगळी पट्टी त्याच क्रीम कापडाची कापून बाजूला ठेव. बारशानंतर नाव त्या सुट्या पट्टीवर चिकटवून शिवायचं, पट्टीच्या चारी कडा पाव इंच आत दुमडायच्या आणि तयार गोधडीवर हाताने तुरपून टाकायची. वॅडिंगला इस्त्री लागतच नाही.

देवनागरीत एक सोय आहे, शिरोरेघेमुळे अख्खं नाव एकसंध कापता येतं, अक्षरं वेगवेगळी मांडत बसायला नको, ओळ वाकडी होत नाही. अक्षर जाड काढ, रेघ निदान तीन सूत रुंद, म्हणजे टीप मारायला जागा राहते. "भ"ची गाठ, "ण"मधली पोकळी अशा आतल्या जागा बारीक टोकाच्या कात्रीने कागद सोलायच्या आधी कापून घे, कागद असताना कापड ताठ असतं. अनुस्वार, नुक्ते, सुटे टिंब फार छोटे असतील तर कापडाचे न करता दोर्‍याने भर. आणि नाव उलटं, विसरू नकोस.

कृष्णाकाठ

मधला गोंद काढून टाकायचं ऐकून बरं वाटलं, तसं असेल तर माझी हरकत नाही. थर जोडल्यावर धावदोरा चित्रांवरून नेऊ नकोस, चित्राच्या बाहेरून कडेला लागून एक फेरा घाल, मग त्याच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरा, असं चौकोन भरेपर्यंत. चित्र आपोआप फुगून वर येतं. हत्ती मोठा असेल, वीतभर, तर त्याच्या पोटावर झुलीच्या रेषेने थोडे टाके घाल, नाहीतर आतलं वॅडिंग सरकतं.

पण आत वॅडिंगऐवजी आईची किंवा आजीची जुनी सुती साडी दोन पदरी घातलीस तर नाशिकच्या हवेला तेच बरं पडेल. आणि बहिणीला सांग, धुताना गार पाण्यात, ब्रशने घासायचं नाही, पिळायचं नाही, इस्त्री केलीच तर मागून.

अबोली_ठाणे

मधेच घुसते, पण मला हेच खणाच्या कापडावर करायचंय, उशांच्या अभ्र्यांवर मोर. घरी खणाचे बरेच तुकडे पडलेत. खणाला हे फ्यूजिंग चालतं का?

चिंधी_पुणे

चालतं, आणि खणाला तर हीच पद्धत सोयीची, कारण खणाचे धागे कापल्याबरोबर पिसारतात आणि गोंद आधी लावला की ते जागच्या जागी राहतात. फक्त दोन गोष्टी बघ. एक, तुकडा नक्की कशाचा आहे. गुळेदगुडचा जुना सुती-रेशमी खण वेगळा आणि हल्ली सर्रास मिळतो तो पॉलिस्टरचा वेगळा. एक-दोन धागे काढून वाटीत जाळून बघ, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, राख झाली तर सुती. पॉलिस्टर असेल तर इस्त्री सिल्कच्या खाली ठेव, वर सुती रुमाल घाल, आणि वेळ दोन-तीन सेकंदांनी वाढव. कपट्यावर बघितल्याशिवाय मोराला हात लावू नकोस, खण एकदा आकसला की परत सरळ होत नाही.

दुसरं म्हणजे खणाला चौकट पद्धत नको, मागे अख्खा गोंद ठेव. मधे मोकळा ठेवला तर विणीतले धागे सरकतात. अभ्र्याला मऊपणाची तेवढी गरजही नाही. कडेला सरळ टीप न मारता तुझ्याकडे झिगझॅग असेल तर तो मार, रुंदी अडीच, लांबी दीड, सुईचा उजवा टाका मोराच्या कडेबाहेर जेमतेम पडेल असा. आणि मोराच्या मानेला खणाचे बुट्टे नीट मधोमध येतील असं बघून कागद ठेव, उलट्या बाजूने बुट्टे कळत नसतील तर सुलट्या बाजूने चार टाचण्या आरपार टोचून जागा मागे आण.

कामानंतर इस्त्रीला गोंद लागलेला असेल तर ती गरम असतानाच जुन्या सुती कापडावर घासून पूस, साधी लोखंडी तळाची असेल तर कागदावर मीठ पसरून त्यावर फिरवली तरी निघतो, नॉनस्टिकवर मीठ नको, चरे पडतात. सुई आणि कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पूस.